खून की सदोष मनुष्यवध : उभारीचा एकच फटका

धरमपेठकर :

मी नागपुरात विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या सराव खटल्यासाठी एक काल्पनिक घटना देण्यात आली असून आरोपीची बाजू माझ्या वाट्याला आली आहे. घटना अशी :

जूनच्या पहिल्या आठवड्यात काटोलकडच्या एका शिवारात दोन चुलतभावांमध्ये धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) वाद होतो. थोरल्याने वखरणी करताना धुरा दोन हात आत घेतला, असे धाकट्याचे म्हणणे असते. शिवीगाळ होते, थोरला धाकट्याला ढकलतो आणि धाकटा जवळच सोडलेल्या बंडीची (बैलगाडीची) उभारी, म्हणजे बाजूला खोचलेला लाकडी दांडा, उपसून थोरल्याच्या डोक्यात एक फटका हाणतो. थोरला मागच्या मागे कोसळतो आणि त्याचे डोके धुऱ्यावरच्या दगडावर आदळते. धाकटाच ऑटो बोलावून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेतो. तेथून त्याला नागपूरला मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवले जाते आणि चौथ्या दिवशी त्याचा मृत्यू होतो. शवविच्छेदन अहवालात दोन जखमा नोंदवल्या आहेत : कानाच्या वर डाव्या बाजूला फाटलेली जखम, तिच्याखाली कवटीचा खोलगट अस्थिभंग आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साचलेले रक्त, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला खरचटल्याची खूण. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(१) खाली, म्हणजे खुनाचे, दोषारोपपत्र दाखल केले आहे.

फटका एकच होता, राग अचानक आला होता आणि जखमीला आरोपीनेच रुग्णालयात नेले, असे तीन मुद्दे मी काढले आहेत. तरीही मूळ शंका फिटत नाही. कलम १०० मध्ये ‘मृत्यू येण्याचा संभव असलेली इजा’ असे म्हटले आहे आणि कलम १०१ मध्ये ‘निसर्गाच्या सामान्य क्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी असलेली इजा’ असे म्हटले आहे. कवटी फुटलेल्या माणसाच्या बाबतीत या दोहोंमध्ये न्यायालय फरक करते तरी कसा?

बर्डीचा वकील :

तुमचे तीनही मुद्दे उपयोगाचे आहेत, परंतु ते कोठे मांडायचे हे ठरल्याशिवाय त्यांचा उपयोग होणार नाही. विद्यार्थीच नव्हे तर नवे वकीलसुद्धा असे प्रकरण हाती आले की प्रथम कलम १०१ चे अपवाद उघडतात आणि भांडण अचानक झाले, म्हणून खून नाही, असा युक्तिवाद सुरू करतात. न्यायालय त्या क्रमाने जात नाही. रायवरापू पुन्नय्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने जो क्रम घालून दिला, त्यानुसार आधी आरोपीच्या कृतीमुळेच मृत्यू झाला का हे पाहतात. झाला असेल तर ती कृती सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येत, म्हणजे कलम १०० मध्ये (जुन्या भारतीय दंड संहितेचे २९९), बसते का हे पाहतात. बसत असेल तर कलम १०१ च्या (जुने ३००) चार खंडांपैकी एखाद्या खंडात ती जाते का हे तपासतात. आणि गेली, तरच पाच अपवादांपैकी एखादा तिला तेथून बाहेर काढतो का, हा प्रश्न येतो. प्रत्येक खून हा आधी सदोष मनुष्यवध असतो, हे त्याच निकालात सांगितले आहे. चौथ्या पायरीवरचा युक्तिवाद पहिल्या मिनिटाला केला की तिसरी पायरी तुम्ही न लढता सोडून दिली, असा त्याचा अर्थ होतो, आणि तुमच्या प्रकरणात खरी लढाई तिसऱ्याच पायरीवर आहे.

आता व्याख्यांकडे येतो. मृत्यू घडवून आणण्याचा सरळ उद्देश दोन्ही कलमांत सारखाच आहे, त्यामुळे तो सिद्ध झाला की आरोपीला अपवादाखेरीज वाट उरत नाही. घोळ होतो तो इजेच्या उद्देशापाशी. तेथे दोन कलमांमधला फरक मृत्यूच्या शक्यतेच्या प्रमाणाचा आहे. मृत्यू आला तर नवल वाटू नये, अशी इजा कलम १०० मध्ये राहते. मृत्यू आला नाही तरच नवल वाटावे, अशी इजा कलम १०१ च्या तिसऱ्या खंडात जाते. ही रेषा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली गोविंदा प्रकरणात आखली. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि चेहऱ्यावर मुठीने दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूवर रक्तस्राव होऊन ती मरण पावली. न्या. मेलव्हिल यांनी दोन्ही कलमांतील शब्द एकमेकांसमोर ठेवून पाहिले आणि मृत्यूचा उद्देश नव्हता व इजाही त्या पुरेशा प्रतीची नव्हती, म्हणून हा खून नसलेला सदोष मनुष्यवध आहे, असे ठरवले. आजच्या वाचकाला हा निकाल फार सौम्य वाटेल, मलाही वाटतो. पण कलमांची तुलना कशी करावी, हे शिकायला त्याहून चांगला निकाल नाही.

तुमच्याविरुद्ध सरकारी वकील जो निकाल वाचतील तो १९५८ सालचा विरसा सिंग प्रकरणातला असेल. तो न्या. विवियन बोस यांनी लिहिला आहे. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी, १९४९ ते १९५१ या काळात, ते आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यामुळे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयात उभे राहून तो निकाल टाळता येईल, अशी आशा ठेवू नका. तेथेही वार एकच होता : भाला पोटात घुसला, आतडी बाहेर आली आणि जखमी दुसऱ्या दिवशी दगावला. ठार मारण्याचा उद्देश सिद्ध झाला नसल्याने तिसरा खंड लागू होत नाही, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. सरकार पक्षाने जखम आहे आणि ती कोणत्या स्वरूपाची आहे हे दाखवायचे. ती जखम अपघाताने झाली नाही, किंवा आरोपीला दुसऱ्याच प्रकारची इजा करायची नव्हती, तर नेमकी तीच करायची होती, हे सिद्ध करायचे. आणि अशी जखम सामान्य क्रमात मृत्यूस पुरेशी आहे का, हे अखेरीस वस्तुनिष्ठपणे तपासायचे. या अखेरच्या प्रश्नाशी आरोपीच्या मनाचा संबंध नाही. त्या जखमेने माणूस मरेल, हे आरोपीला ठाऊक नव्हते, हे उत्तर येथे चालत नाही. म्हणून ‘एकच फटका, म्हणून खून नाही’ असा नियम कोठेही नाही. फटक्यांची संख्या हा उद्देश ओळखण्याचा एक पुरावा आहे, एवढेच.

तुम्हाला फट आहे ती त्या निकालाच्या तिसऱ्या कसोटीत, म्हणजे नेमकी तीच इजा करण्याच्या उद्देशात. १९६८ सालच्या हरजिंदर सिंग प्रकरणात आरोपीचा चाकू मांडीत लागून मोठी रक्तवाहिनी तुटली आणि माणूस गेला. वैद्यकीयदृष्ट्या जखम मृत्यूस पुरेशी होती, याबद्दल वाद नव्हता. परंतु मृत व्यक्ती झटापटीत मध्ये पडली होती आणि खाली वाकलेली होती, त्यामुळे नेमक्या त्याच जागी तीच जखम करण्याचा उद्देश होता, असे म्हणता येत नाही, असे ठरले आणि शिक्षा जुन्या कलम ३०४ च्या (आताचे १०५) पहिल्या भागाखाली आली. तुमच्या साक्षीदारांच्या जबाबात उभारी कशी फिरवली, थोरला त्या क्षणी सरळ उभा होता की अंगावर धावत होता, त्याने मान फिरवली का, याबद्दल काय आहे, ते आधी वाचा. खांद्याच्या रोखाने आलेला फटका वाकलेल्या माणसाच्या डोक्यात बसला, असे पुराव्यातून निघत असेल तर तेथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. निघत नसेल तर ते नुसते म्हणू नका. न्यायाधीशांना ते लगेच कळते.

निवृत्त ठाणेदार :

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे, मी तपासाच्या बाजूने थोडे लिहितो. पोलीस १०३ का लावतात, अशी तक्रार पक्षकार नेहमी करतात. मृत्यू झालेला असतो, डोक्यावर जखम असते, फिर्याद मृताच्या घरच्यांची असते. अशा वेळी अपवादाचा निवाडा ठाण्यात बसून करणे हे तपास अधिकाऱ्याचे काम नाही. शिवाय अपवादाचा लाभ हवा असेल तर ती परिस्थिती दाखवण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार (जुने १०५) आरोपीवर आहे, मात्र सरकार पक्षाइतका कडक पुरावा त्याने द्यावा लागत नाही.

माझ्या मते या प्रकरणाचे अर्धे उत्तर घटनास्थळ पंचनाम्यात आहे. बंडी तेथे आधीपासून सोडलेली होती का, बैल कोठे बांधलेले होते, बंडीच्या बाजूची एक उभारी जागेवरून गायब असल्याची नोंद आहे का, जप्त केलेली उभारी त्याच बंडीच्या भोकात बसते का, हे पंचांसमक्ष तपासले गेले असेल तर हत्यार जागेवरचे होते, हे आपोआप सिद्ध होते. घरून कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस आणि हाताला लागेल ते उचललेला माणूस यांच्यात न्यायालय फार फरक करते. ही नोंद पंचनाम्यात नसेल तर तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत ती काढून घ्या. तो नाही म्हणणार नाही.

न्यायवैद्यक :

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना शवविच्छेदन अहवाल वाचायची सवय नसते, म्हणून लिहितो. ‘मृत्यूस पुरेशी’ हे शब्द मूळ अहवालात बहुतेक वेळा नसतातच. तपास अधिकारी नंतर हत्यार सीलबंद करून आमच्याकडे पाठवतात आणि लेखी प्रश्न विचारतात की, या जखमा या हत्याराने होऊ शकतात का आणि त्या निसर्गाच्या सामान्य क्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशा आहेत का. आम्ही हत्याराची लांबी, वजन, कडांचा आकार यांची नोंद करून उत्तर देतो. ते उत्तर दोषारोपपत्रासोबत आहे का, ते पाहा. ‘पुरेशी’ असे लिहिलेले असेल तरी ते जखमेबद्दलचे मत आहे. मारणाऱ्याच्या मनात काय होते, हे आम्हाला टेबलावर दिसत नाही आणि कोणी विचारले तरी आम्ही सांगू नये.

तुमच्या प्रश्नात दगडाचा उल्लेख आहे, त्यावरून बचाव पक्ष मृत्यू पडण्यामुळे झाला, असे म्हणणार, हे उघड आहे. तो मार्ग मला कठीण दिसतो. हलते डोके स्थिर दगडावर आदळते तेव्हा मेंदूची मोठी इजा बहुधा आघाताच्या विरुद्ध टोकाला होते; माणूस पाठीवर पडला तर कपाळामागचा मेंदू ठेचलेला आढळतो. स्थिर डोक्यावर हलते हत्यार बसते तेव्हा इजा त्याच जागेखाली होते. तुमच्या अहवालात कानाच्या वर कवटी आत दबलेली आहे, रक्तही नेमके तिच्याच खाली साचले आहे आणि मागच्या बाजूला केवळ खरचटले आहे. कानावरचे हाड कवटीतले पातळ हाड असून त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते; ते हाड दबले की ती फाटते आणि रक्ताचा गोळा मेंदूला दाबू लागतो. असा रुग्ण कधीकधी मध्ये काही तास शुद्धीवर येतो, बोलतो, आणि मग एकाएकी ढासळतो. अहवाल जसा तुम्ही दिला आहे तसा असेल तर मृत्यू उभारीमुळे झाला, असेच मी साक्षीत सांगेन.

धरमपेठकर :

आपणा सर्वांचे आभार. दगडाचा मुद्दा मी खरोखरच पुढे आणणार होते, तो आता सोडते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ग्रामीण रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती आणि नागपूरला पोहोचण्यात वेळ गेला. हा उशीर आरोपीच्या उपयोगी पडेल का? आणि चौथा अपवाद (आकस्मिक भांडणातली झुंज) मिळाला असे धरले, तर शिक्षा कलम १०५ च्या, म्हणजे खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेच्या कलमाच्या, पहिल्या भागात जाईल की दुसऱ्या?

बर्डीचा वकील :

उशिराचा मुद्दा सोडून द्या. कलम १०० च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे की, योग्य उपचारांनी मृत्यू टळू शकला असता तरी ज्याने इजा केली त्यानेच मृत्यू घडवला, असे मानले जाते. मृत्यू अनेक आठवड्यांनी, जंतुसंसर्गासारख्या वेगळ्या गुंतागुंतीने आला असता तर मूळ जखम कितपत ‘पुरेशी’ होती, यावर वाद घालता आला असता. येथे चौथा दिवस आहे आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे जखम आणि मृत्यू यांच्यात दुसरे काही आलेले नाही.

अपवादांमध्ये पहिल्याच्या मागे लागू नका. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव कशाने बुडतो, हे नानावटी प्रकरणात दिसते : दुसऱ्या माणसाशी असलेल्या संबंधांची पत्नीची कबुली ऐकल्यानंतर आरोपीने कुटुंबाला चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, मग त्या माणसाचा पत्ता काढत त्याचे घर गाठले आणि त्याला गोळ्या घातल्या; एवढ्या अवधीत माणूस भानावर येतो, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली जन्मठेप कायम केली. तुमच्याकडे वेळेची ही अडचण नाही, पण धुऱ्यावरून दिलेली शिवी आणि एक धक्का हा ‘गंभीर’ प्रक्षोभ आहे, हे पटवणे अवघड आहे. चौथा अपवाद तुमच्या घटनेला अधिक जवळचा आहे. त्यात आधी कोणी डिवचले आणि पहिला हात कोणी उगारला, याला महत्त्व नाही. मात्र पूर्वतयारी नको, भांडण आकस्मिक हवे, कृती रागाच्या भरात झालेली हवी आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणा केलेला नको. या सर्व अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. शिवाय ‘झुंज’ म्हणजे दोन्ही बाजूंनी हात चाललेले असले पाहिजेत, निव्वळ तोंडातोंडी पुरत नाही. म्हणून थोरल्याने दिलेला धक्का तुमच्यासाठी मौल्यवान आहे. साक्षीदार तो गाळून सांगतील, तेव्हा पोलिसांसमोरच्या जबाबातला तो भाग त्यांच्यापुढे ठेवा. सरकारी वकील ‘रिकाम्या हाताच्या माणसावर उभारी उचलली, हा गैरफायदा आहे’ असे म्हणतील. खाली पडल्यावर दुसरा फटका मारला नाही आणि ऑटो आरोपीनेच बोलावला, हे तुमचे मुद्दे तेथे मांडायचे आहेत. त्यांची खरी जागा ती आहे. २००६ सालच्या पुलिचेर्ला नागराजू प्रकरणात हत्यार सोबत आणले की जागेवर उचलले, वार मर्मस्थानी होता का, जोर किती होता, जुने वैर होते का, अशा बाबींची जी मांडणी आहे, तीही वाचून ठेवा. ठाणेदारसाहेबांनी सांगितलेली पंचनाम्याची नोंद तिच्यात नेमकी बसते.

आता शिक्षेबद्दल. कलम १०५ च्या पहिल्या भागात मृत्यूचा किंवा मृत्यूचा संभव असलेली इजा करण्याचा उद्देश असलेली कृत्ये येतात आणि दुसऱ्या भागात तसा उद्देश नसून निव्वळ जाणीव असलेली कृत्ये येतात. पूर्वी या भेदाचा परिणाम मुख्यतः कमाल शिक्षेवर होत असे. नव्या संहितेने पहिल्या भागात जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे अशी रचना केली असून पाच वर्षांची किमान मर्यादा नव्याने घातली आहे. दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान मर्यादा नाही. त्यामुळे १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांमध्ये दुसऱ्या भागासाठी झगडणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे. तुमच्या घटनेची तारीख त्याआधीची असेल तर मात्र जुनेच कलम ३०४ लागेल आणि ही किमान मर्यादा लागणार नाही, म्हणून तारीख तपासून घ्या.

निव्वळ जाणीव म्हणजे काय, याचे स्पष्ट उदाहरण मुंबईतल्या अलिस्टर परेरा प्रकरणाचे आहे. दारूच्या अंमलाखाली भरधाव नेलेली मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली आणि सात जण मरण पावले. कोणालाही मारायचे नव्हते, पण अशा चालवण्याने माणसे मरण्याचा संभव आहे, हे चालवणाऱ्याला ठाऊक होते, म्हणून २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या भागाखालची दोषसिद्धी कायम ठेवली. ती जाणीवही नसती तर प्रकरण निष्काळजीपणाच्या कलमात, म्हणजे आताच्या १०६ मध्ये, उतरले असते.

तुमच्या धाकट्याने डोक्याकडे रोखून उभारी हाणली, असे न्यायालयाला वाटले तर चौथा अपवाद मिळूनही पहिला भागच लागेल, कारण डोक्यावर जाड लाकूड मारणाऱ्याचा इजेचा उद्देश नाकारता येत नाही. दुसरा भाग हवा असेल तर रोख डोक्याकडे नव्हता, हे दाखवावे लागेल, आणि त्यासाठी डॉक्टरांच्या उलटतपासणीत दगड विचारू नका, फटक्याची दिशा विचारा : जखम वरून खाली आहे की आडवी, उभारीचे टोक लागले की मधला भाग, आणि पुढे झुकलेल्या माणसाच्या खांद्याकडे आलेला आडवा फटका कानाच्या वर बसू शकतो का.

न्यायवैद्यक :

बसू शकतो. फक्त हा प्रश्न विचारण्यापूर्वी अहवालातल्या आकृतीवर जखमेची दिशा कशी दाखवली आहे, ते पाहून घ्या. ती उभी दाखवलेली असेल तर प्रश्न विचारू नका.